अनुदान, गणती आणि चौथे शील

गावोगावच्या बौद्ध मंडळांपुढे, महिला मंडळांपुढे आणि सेवाभावी संस्थांपुढे आज एक प्रश्न वारंवार उभा राहतो. वस्तीत अभ्यासिका हवी, पिण्याच्या पाण्याची सोय हवी, मुलींसाठी वसतिगृह हवे म्हणून अनुदानाचा अर्ज करावा, तर देणारा आधी आकडे मागतो. घरे किती, भूमिहीन किती, शाळा सोडलेली मुले किती? सरकारी खाते असो की 2013 च्या कंपनी कायद्यानुसार नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करणारी मोठी कंपनी असो, आकड्यांवाचून अर्ज पुढे सरकत नाही. अशा वेळी कोणीतरी हळूच सुचवतो, "घरे चाळीस असली तरी साठ लिहा. पैसा आपण थोडाच घरी नेणार? वस्तीलाच लागेल. यात बिघडले कुठे?"

धम्मबंधू-भगिनींनो, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो; पण तो शीलाचा प्रश्न आहे.

अनुदान म्हणजे काय, हे प्रथम समजून घेऊ. आपल्यापैकी पुष्कळांना ती भीक वाटते, म्हणून ते संकोचतात. काहींना ती लूट वाटते, म्हणून ते सोकावतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. दीघ निकायातील कूटदन्त सुत्तात भगवान बुद्धांनी महाविजित राजाची कथा सांगितली आहे. राजाला मोठा यज्ञ करायचा होता. राज्यात चोऱ्या-लुटारूपणा माजला होता. पुरोहिताने सल्ला दिला की, दंड देऊन हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला योग्य वेतन द्या. राजाने तसे केले आणि राज्यात शांतता नांदली. अनुदान हे असे बियाणे आहे. ते देणे राज्याचे कर्तव्य आहे आणि घेणे हा आपला हक्क आहे.

या हक्कासाठी आपला समाज जुन्या काळापासून झगडला आहे. 1923 साली रावबहादूर सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण तळ्याचे पाणी काही मिळाले नाही. तेव्हा 1926 साली बोले यांनी पुन्हा ठराव आणला की, ज्या नगरपालिका आणि लोकलबोर्डे हे अमलात आणत नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. म्हणजे अनुदान आणि समता यांचे नाते तेव्हाच ओळखले गेले होते. पुढे 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेबांना स्वतः तळ्यावर जावे लागले, ही गोष्ट वेगळी.

बाबासाहेबांनी हक्क मागितला तो पुराव्यानिशी. 1928 साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाची स्थिती मांडली, ती आकड्यांच्या आधारे. ते आकडे फुगवलेले असते, तर विरोधकांनी त्या एका दोषासाठी सगळी मागणी धुडकावली असती. दुबळ्याच्या हाती सत्य हेच हत्यार असते, ते त्याने बोथट करू नये.

"इतर गावे खोटे लिहितात, मग आम्हीच का खरे लिहावे?" असे कोणी म्हणेल. या म्हणण्यात वेदना आहे. सरकारी गणतीने आपल्यावर अन्याय केला आहे, हे खरे. बीडकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. हिवाळ्यात पाहणी करणारा येतो, कुलूप पाहतो आणि "घर बंद" लिहून निघून जातो. जे सर्वांत गरीब, तेच यादीतून गळतात. 2021 साली व्हायची जनगणनाही त्या वर्षी झाली नाही. पण न मोजलेल्या माणसाला मोजणे हा या अन्यायावरचा उपाय आहे. नसलेला माणूस लिहून तो अन्याय दूर होत नाही. साठातली वीस घरे कागदावरची असतील, तर त्यांचा वाटा कोणाच्या तरी ताटातून येतो. तो कदाचित गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या, रेशनकार्डही नसलेल्या पारधी कुटुंबाचा असेल. आपल्याला वगळणाऱ्यांनी जे केले, तेच आपण त्याला करायचे काय?

म्हणून आपली गणती आपणच करावी. वस्तीतली चार शिकलेली मुले-मुली घरोघर पाठवावीत. ऊसतोडीला गेलेल्यांची नावे शेजाऱ्यांना विचारून लिहावीत. भावाच्या घरी राहणारी परित्यक्ता स्वतंत्र लिहावी, कारण तिची चूल वेगळी आहे. धर्माच्या रकान्यात न भिता बौद्ध लिहावे. 1951 च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. दीक्षेनंतर 1961 साली ते सुमारे 27 लाख 90 हजार झाले. सवलती जातील या भीतीने आजही काहीजण जुना धर्म लिहितात. पण 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा कायद्याने मिळतो. धर्म बौद्ध आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात आपली जात, अशी नोंद करता येते.

तयार झालेली यादी पौर्णिमेला विहारात मोठ्याने वाचावी. आलेल्या पैशाचा हिशेबही तिथेच वाचावा. ज्याला हरकत असेल त्याने उभे राहून सांगावे.

चाळीस घरांना अनुदान नाकारले, तर? हे घडू शकते, आणि तेव्हा अभ्यासिका एक वर्ष लांबेल. मुलांचे एक वर्ष ही लहान गोष्ट नाही. शेजारच्या दोन वस्त्यांसह एकत्र अर्ज करावा. नियमच अन्यायाचा असेल तर, बोले यांनी केले तसे, नियम बदलण्यासाठी झगडावे. मात्र जी अभ्यासिका खोट्या कागदावर उभी राहील, तिथे बसून आपली मुले पंचशील म्हणणार आहेत. चौथ्या शीलापाशी आल्यावर त्यांनी आपल्या आईबापांकडे कोणत्या नजरेने पाहावे, याचा विचार अर्जावर सही करण्यापूर्वी प्रत्येक मंडळाने करावा.