रान बीजात आधीच होतं का?

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रान उभं करायला बसलेला कलाकार एकेक झाड काढत बसत नाही, तो नियम जुळवतो. एक सपाट जाळी, तिला उंचसखल करणारा नॉइज, म्हणजे गणिताने घडवलेला अनियमितपणा, उतार तीव्र नसेल तिथेच झाडं, प्रत्येक झाडाची उंची थोडी वेगळी. नियमांच्या या चौकटींना नोड म्हणतात. सगळं जोडून झालं की एक आकडा द्यायचा. त्याचं नावच सीड, म्हणजे बीज. १७ दिला की एक रान उगवतं, १८ दिला की दुसरं. पुन्हा १७ दिला, तर पहिलंच रान फांदीन् फांदी तसंच परत येतं.

मग १७ देण्याआधी ते रान कुठे होतं?

सांख्य आणि न्याय या दर्शनांनी हा वाद फार पूर्वी घातला आहे. सांख्य म्हणतात, तिळात तेल असतं म्हणून ते निघतं, वाळू कितीही रगडली तरी निघत नाही. कार्य कारणात अव्यक्त रूपाने असतंच. हाच सत्कार्यवाद. न्यायाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, विचारतात, असं असेल तर कुंभाराने राबायचं कशाला? मातीच्या गोळ्यात पाणी राहत नाही, घड्यात राहतं. घडा ही नवीनच वस्तू आहे.

गंमत म्हणजे, संगणकी चित्रांच्या जगातही असंच एक भांडं आहे. १९८२ च्या ‘ट्रॉन’ चित्रपटासाठी काम केलेल्या केन पर्लिन यांना संगणकी चित्रांचा यांत्रिक तुकतुकीतपणा खुपत होता. त्यातून त्यांनी नॉइजचं गणित रचलं. १९८५ च्या त्यांच्या निबंधातली संगमरवरी फुलदाणी प्रसिद्ध आहे. तिच्यावरच्या शिरा वरून चिकटवलेल्या नाहीत. अवकाशातल्या प्रत्येक बिंदूचा रंग एक सूत्र ठरवतं आणि फुलदाणी जणू त्या दगडातून कोरून निघते. तिचा आकार बदलला, तर वेगळ्या शिरा उघड्या पडतात, पण त्या सूत्रात होत्याच. सांख्यांना याहून नेमका दृष्टांत सापडणं कठीण.

तरीही कलाकाराचा दिवस पाहिला की पारडं नैयायिकांकडे झुकतं. ३२ बिटांच्या आकड्यात ४२९ कोटींहून अधिक बीजं मावतात, म्हणजे तितकी रानं. कलाकार त्यातली काही पाहतो, सोडतो, एकापाशी थबकतो. सांख्यांचा पुरुष, म्हणजे चैतन्य, नुसता द्रष्टा असतो, प्रकृतीचा, म्हणजे सृष्टीच्या मूळ कारणाचा, खेळ पाहतो आणि करत काहीच नाही. कलाकाराचं तसं नाही. तो पाहतो आणि नोडकडे परततो. उताराची मर्यादा ३० अंशांवरून २५ वर आणतो, आणि न पाहिलेली कोट्यवधी रानंही त्याच क्षणी पालटतात. पाहण्याने इथे कारणच बदलतं. ही निवड करणारी बुद्धीही प्रकृतीचीच, असं सांख्य सांगतील आणि त्यांच्या चौकटीत ते बरोबरच आहे. पण ‘हेच’ म्हणून थांबण्याचा निर्णय १७ या आकड्यात कुठेच लिहिलेला नसतो.

शेवटी कधीकधी नोडचं जाळं ‘अप्लाय’ केलं जातं. रान नियमांपासून सुटतं. आता आकडा बदलून काही होत नाही. मग कलाकार डावीकडचं एक झाड पकडतो आणि हाताने थोडं उजेडात सरकवतो.