अथनतोस, अमृत आणि अजरामर

'अथनतोस' म्हणजे ज्याला मरण नाही तो. नकाराचा 'अ' आणि 'थनतोस' म्हणजे मरण, अशी या ग्रीक शब्दाची फोड. 'अथनतोइ' असे अनेकवचन वापरले की होमरच्या काव्यात देव असाच अर्थ होतो. या अमरांपैकी एक कोल्हापुरातही आहे: पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडलेला, आता टाउन हॉलमधल्या संग्रहालयात असलेला ब्राँझचा पोसायडन. समुद्राचा हा देव वीतभरही उंच नाही.

बांधणी 'अमर'सारखीच असली तरी 'थनतोस'चे मूळ वेगळे. संस्कृतशी रक्ताचे नाते आहे ते 'अम्ब्रोतोस' या दुसऱ्या शब्दाचे. तो म्हणजे आपला 'अमृत'च. 'म' आणि 'र' यांच्यामध्ये ग्रीकांच्या तोंडी 'ब' शिरला; शब्दाच्या आरंभी तर 'म' गळूनच पडला आणि मर्त्य माणूस 'ब्रोतोस' झाला. देवांचे खाणे 'अम्ब्रोसिया' याच कुळातले. दूध, दही, तूप, मध, साखरेच्या पंचामृतात हेच मूळ आहे. अंबाबाईच्या 'अंबा'शी मात्र अम्ब्रोसियाचा काही संबंध नाही, ती आई.

होमरच्या वृत्तात अ-थ-न हे लागोपाठ तीन लघू बसत नाहीत, म्हणून तिथे पहिला 'अ' दीर्घ होतो. एवढी सूट मराठी कवीही घेतात.

मरण टळले म्हणून म्हातारपण टळत नाही. म्हणून ग्रीक कवी 'अथनतोस'ला 'अगेरोस' जोडतात. आपला 'अजरामर' तोच. ग्रीक 'गेरास' आणि आपली 'जरा' यांचे मूळ एकच. एओस म्हणजे ग्रीकांची उषा. तिने आपल्या मर्त्य प्रियकरासाठी, तिथोनससाठी, झ्यूसकडे अमरत्व मागितले, तारुण्य मागायचे राहिले. तो झिजत गेला, हातपाय हलेनात, नुसता आवाज उरला. जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा याच जातीचा चिरंजीव. लग्नपत्रिकेवर 'चि.' छापताना तो कोणाला आठवत नाही, हे बरेच.

होमरचे देव मरत नाहीत, पण जन्मतात. प्लेटोने 'फायड्रस' या संवादात आत्म्याला अथनतोस म्हणताना अजन्माही म्हटले, आणि तिथे तो गीतेच्या 'अज' आत्म्याजवळ येतो. 'फायडो'त तर अमर ते अविनाशीही असते का, हा प्रश्न वेगळा काढून सोडवला आहे.

'अथनतोस'वरूनच 'अथनसिया' म्हणजे अमरत्व हे नाम झाले, आणि अथनासिओस हे माणसाचे नावही. हेरोडोटस इराणी राजाच्या 10,000 निवडक शिपायांनाही 'अथनतोइ' म्हणतो. कोणी मेला किंवा आजारी पडला की त्याच्या जागी लगेच दुसरा नेमत, त्यामुळे मोजणी कधी कमी भरत नसे.