गारगोटीचा ठावठिकाणा

अहिल्यानगर जिल्ह्यात विहीर पाडताना मुरूम संपून काळा पाषाण लागतो आणि सुरुंगाने फुटलेल्या एखाद्या धोंड्याच्या पोकळीत पांढरे, हिरवट, क्वचित जांभळट स्फटिक लखलखतात. विहीर पाडणाऱ्याला चिंता पाण्याची. धोंडे ढिगाऱ्यावर जातात. पोरे मात्र त्याच ढिगाऱ्यावर चढून खिसे भरतात. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचा हिरवा अपोफिलाइट जगभरचे संग्राहक ओळखतात. गावातल्या मुलांना मात्र तो कोणी ओळखायला शिकवत नाही, याची मला खंत वाटते. मुलांच्या या खिसेभरू हौसेत शाळेचे निम्मे विषय दडलेले आहेत.

बाजारात हल्ली ‘रत्ने शोधा’ असे खेळ मिळतात. प्लास्टरच्या ढेपेत रंगीत खडे पुरलेले असतात, मुलाने ते हातोडीने मोकळे करायचे. घटकाभर मौज होते, पण त्या खड्यांना गाव नसते. कोणत्या पाषाणातून आले, शेजारी काय होते, कशामुळे बनले, यातले काहीच विचारता येत नाही. उत्तरे खोक्यावर आधीच छापलेली असतात. दगड सापडणे ही सुरुवात झाली. तो कुठे आणि कशात सापडला हे विचारले, की शिक्षण सुरू होते.

विज्ञानापासूनच पाहू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी या भूमीवर लाव्हाचे थरावर थर पसरले. अकोले तालुक्याच्या सीमेवरचे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर याच थरांचे आहे. त्याच्या अंगावरच्या पायऱ्या दुरूनही दिसतात. लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजे विरघळलेले पाणी त्यांत झिरपत राहिले आणि अकीक, स्फटिक, कॅल्साइट, स्टिल्बाइट तिथे साकळले. अकिकाच्या तुकड्यावरचे पट्टे बोटाने मोजणाऱ्या मुलीला ‘हे एकदम बनले की हळूहळू?’ एवढाच प्रश्न विचारावा आणि बाईंनी थोडा वेळ गप्प राहावे. उत्तर सांगण्याची घाई आवरणे, हे अशा वर्गातले सर्वांत अवघड काम आहे.

मग तपासणी. फ्रिडरिश मोस यांनी १८१२ साली मांडलेली काठिण्याची श्रेणी पाठ करण्यापेक्षा हाताने करून पाहण्याजोगी आहे. पोलादी पात्याने कॅल्साइटवर ओरखडा उठतो. गारगोटीवर उठत नाही, उलट तीच काचेवर ओरखडा काढते. प्रयोगशाळेतल्या सौम्य आम्लाचा थेंब सरांनी टाकला, तर कॅल्साइट फसफसते, गारगोटी ढिम्म राहते. आता गणित. दगड दोऱ्याने ताणकाट्याला टांगा. समजा हवेत ५३ ग्रॅम भरला आणि पाण्यात पूर्ण बुडवल्यावर ३३. घट २० ग्रॅमची. ५३ भागिले २०, म्हणजे २.६५. ही गारगोटीची सापेक्ष घनता. स्टिल्बाइटची साधारण २.२ येते. इथे भागाकार मुलाला स्वतःच्या दगडाचे नाव सांगतो, म्हणून तो दशांश चिन्हापर्यंत काळजीने करतो. शेजाऱ्याचे उत्तर उतरवून भागत नाही, कारण शेजाऱ्याचा दगड वेगळा आहे.

इतिहास तर प्रवरेच्या काठीच आहे. नेवाशाला १९५४ पासून डॉ. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. नदीच्या गोट्यांच्या थरांत अकीक, जास्पर, चर्ट यांची मध्य पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली आणि संशोधकांनी त्या परंपरेला नेवाशाचेच नाव दिले. धारदार फुटणारा दगड हुडकत या जिल्ह्यातली माणसे हजारो वर्षांपूर्वी हिंडत होती. आज ढिगाऱ्यावर चढणारे पोर त्यांचाच वारसा चालवते.

ठावठिकाण्याचे मोल याच जिल्ह्यातले दायमाबाद शिकवते. १९७४ साली तिथे झाडाचे मूळ खणताना एका गावकऱ्याला ब्राँझची चार शिल्पे सापडली: रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. वजन साठ किलोहून अधिक. पण उत्खननाच्या थरात, नोंदीसकट ती हाती आली नाहीत, म्हणून त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत वाद राहिला. इतक्या अमोल वस्तूंची कहाणीही नोंदीवाचून अधुरी राहते, हे सातवीच्या मुलाला पटकन कळते. अशा पुरातन जागेवरून खापराचा तुकडाही उचलू नये, हे नागरिकशास्त्र तिथेच समजते.

‘आणि अभ्यासक्रम कधी पुरा करायचा?’ हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. पण वाट नवी नाही. १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू करून पुढे कोसबाडला गेलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने, बिया मुलांच्या हाती दिल्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. त्यातले दोन दिवस दगडांना द्यावेत. चालू खाणीत, क्रशरवर किंवा विहिरीच्या काठाशी मुलांना नेऊ नये. ढिगारा लांब असावा, मालकाची परवानगी घ्यावी, हातोडीआधी डोळ्यांवर चष्मा चढवावा.

शेवटी व्हरांड्यात एक फळी ठोकावी. प्रत्येक दगडाखाली चिठ्ठी असावी: कोणाला, कोणत्या शिवारात, कधी मिळाला, काय तपासले, त्यावरून काय वाटते. ‘हा किती रुपयांना जाईल?’ असेही कोणी विचारेल. त्यालाही सरळ उत्तर द्यावे: ठिकाण नोंदवलेल्या नमुन्याला संग्राहकही अधिक मानतात. पुढल्या वर्षीच्या मुलांना एखादी चिठ्ठी चुकीची वाटली, तर त्यांनी दगड पुन्हा तोलावा, पुन्हा घासून पाहावा आणि आपली चिठ्ठी शेजारी लावावी. जुनी फाडू नये. पुरावा दाखवून मत बदलता येते आणि आधीच्याचा मानही राखता येतो, हे मुलांनी शाळेतच शिकावे. मोठेपणी गावच्या पाण्याबद्दल, जमिनीबद्दल निर्णय घेताना त्यांना हीच सवय उपयोगी पडणार आहे.