सीमेवरचे गाव

तत्त्वासाठी त्याग करावा, हे सर्वांस मान्य आहे. परंतु तत्त्व एकाचे आणि त्याग दुसऱ्याचा, असे झाले तर त्यास काय म्हणावे? हा प्रश्न आम्हां कोल्हापूरकरांस ग्रंथांत शोधावयास नको. कागल ओलांडून दक्षिणेस थोडे गेले, की राज्य बदलते आणि निपाणी लागते.

पेशवाईच्या अखेरीस सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर देसाई यांचे हे ठाणे. पुढे तंबाखूच्या पेठेने त्याचे नाव सर्वतोमुखी केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन मुंबई राज्यातील हे बहुतांशी मराठी गाव म्हैसूर राज्यात गेले. व्यवहार मात्र रेघ जुमानीत नाही. निपाणीच्या मुलांचे देवचंद महाविद्यालय गावाला लागून आहे, पण ते उभे आहे कागल तालुक्याच्या भूमीवर!

१९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्रास द्यावी, अशी शिफारस केली. बेळगाव मात्र दिले नाही. महाराष्ट्राने तो अहवालच नाकारला. आमचेही मत नकाराकडेच झुकते. एका गावासाठी अन्याय्य निवाडा मान्य केला, तर उरलेल्यांचा हक्क आपणच बुडविला असे होते. युक्तिवाद निर्दोष आहे. तथापि त्याची किंमत आम्ही दिली नाही. ती निपाणीने दिली. आमची मुले आपल्या भाषेतील सरकारी कागद वाचीत वाढली, तिकडे दोन पिढ्या वाट पाहण्यात गेल्या. त्याच अहवालाने जत, अक्कलकोटकडील कित्येक गावे पलीकडे जावयाची होती. तेथील कन्नड भाषकांसही कोणी विचारले नाही, हे आपण सोयीने विसरतो.

मग तत्त्व सोडावे काय? नाही. परंतु जो दुसऱ्याच्या त्यागावर तत्त्व राखतो, त्याच्या माथी ऋण राहते. ते घोषणांनी फिटत नाही. २००४ पासून वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. निकाल लागेल तेव्हा लागो. तोवर आपल्या हद्दीतील कन्नड शाळा आपण कशा राखतो, यावर निपाणीसाठी न्याय मागण्याचा आपला अधिकार अवलंबून आहे. दुसऱ्याच्या दारी जे मागावयाचे, ते आधी आपल्या घरी द्यावयास नको काय?