दुसऱ्याचे वाक्य

शाळेचा दिवस हजेरीने सुरू होतो. साठ मुलांची नावे आणि साठ वेळा 'हजर सर'. या दोन शब्दांत काही अवघड असेल, असे शिक्षक झाल्यावर पहिली काही वर्षे माझ्या मनातही आले नव्हते. १९९७ च्या जूनमध्ये आठवीच्या वर्गात एक मुलगा उभा राहिला. 'ह... ह...' एवढ्यावरच त्याचा श्वास अडला, मान ताठ झाली, डोळे मिटले गेले. मागच्या बाकांवर खसखस पिकली. मी वर्गाला दटावले आणि त्याला म्हणालो, "राहू दे बाळ. उद्यापासून तू नुसता हात वर कर."

त्या दिवशी घरी जाताना आपण एक सत्कृत्य केले, असे मला वाटत होते. ते खरोखर सत्कृत्य होते काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

पुढे त्याचे वडील भेटायला आले. "सर, घरात मराठी, गल्लीत कन्नड. दोन भाषांत पोराची जीभ अडकली. एक भाषा बंदच करू का?" त्याची आजी वेखंड उगाळून जिभेला लावीत होती, कुणी तोंडात खडे धरायला सांगितले होते. माझ्याजवळही उत्तर नव्हते. मुलगा प्रार्थना आणि पाढे सर्वांबरोबर स्वच्छ म्हणे, म्हणून मी निदान केले : जीभ ठीक आहे, मुलगा भित्रा आहे.

आम्ही सगळेच चुकत होतो. तोतरेपणा बहुधा वयाच्या दुसऱ्या ते पाचव्या वर्षात सुरू होतो. सुमारे ५ टक्के मुले कधी ना कधी अशी अडखळतात, त्यांतल्या बहुतेकांचे ते आपोआप जाते आणि प्रौढांत हे प्रमाण सुमारे १ टक्का उरते. मुलींपेक्षा मुलग्यांत ते अधिक टिकते. अनेक घराण्यांत ते पिढ्यानपिढ्या दिसते. २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पाकिस्तानातील कुटुंबांच्या अभ्यासातून त्याच्याशी निगडित जनुके दाखवून दिली. बोलण्याच्या बारीक हालचाली वेळेवर जुळवून आणणारे मेंदूतील मार्ग अशा माणसांत थोडे वेगळे चालतात. गाताना किंवा एका सुरात म्हणताना बहुतेकांची वाणी मोकळी होते, ती त्यामुळेच असावी, कारण तेव्हा लय बाहेरून मिळते. बुद्धीचा किंवा संस्कारांचा यात दोष नाही. दोन भाषा बोलल्यामुळे तोतरेपणा येतो, यालाही आधार नाही. मराठीत तोतरा म्हणा की कन्नडात तोदलु म्हणा, तो दोन्ही बाजूंना तितकाच आहे. तेव्हा या कारणासाठी कोणत्याही आईबापांनी मुलाची एक भाषा काढून घेऊ नये.

भीतीने तोतरेपणा जन्माला येत नसला, तरी माणूस मुका मात्र होतो. १९३९ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात एका अनाथाश्रमातील २२ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना 'तुम्ही तोतरे होत चालला आहात' असे वारंवार सांगण्यात आले. ती तोतरी झाली नाहीत, पण बोलायला कचरू लागली, गप्प राहू लागली. तेथील विद्यापीठाने त्याबद्दल माफी मागितली, ती २००१ मध्ये. हे वाचले तेव्हा मी अस्वस्थ झालो. त्यांनी शब्दाने जे केले, ते मी दयेने केले नव्हते काय?

याचे उत्तर मला २०२३ साली मिळाले. तोच मुलगा, आता चाळिशीला टेकलेला दुकानदार, मुलीच्या प्रवेशासाठी माझ्यासमोर बसला होता. मुलगीही त्याच्यासारखीच अडखळते. तो म्हणाला, "सर, हिला स... स..." शब्द माझ्या ओठांवर आलाच होता. मी म्हणालो, "सवलत? देऊ की!" तो थांबला, हसला, आणि सावकाश म्हणाला, "स...संधी, सर. तुम्ही मनाने चांगलेच होता. पण तीन वर्षं मला 'हजर' म्हणायला मिळालं नाही. हिला हात वर करायला सांगू नका."

मी त्याचे वाक्य पुरे केले होते, आणि तेही चुकीचे.

कुणी विचारील, चाळीस मिनिटांच्या तासात साठ मुले, थांबायचे कुठवर? मी नंतर घड्याळ पाहून मोजले आहे. अडखळणे काही सेकंदांचे असते. लांबतो तो आपला संकोच. त्याच्यासाठी वाक्य पुरे करताना आपण बहुधा आपलीच सुटका करून घेतो. मग प्रत्येकाला सक्तीने बोलायला उभे करावे काय? तेही नाही. निर्णय ज्याचा त्याला विचारावा, एवढेच. आपल्या वतीने दुसऱ्याने परस्पर बोलून टाकावे, याचा सल सीमाभागातल्या माणसाला वेगळा सांगायला नको.

उपाय आहेत. लहान मुलाचे अडखळणे काही महिने टिकले, घराण्यात कुणाला असले किंवा बोलताना त्याची धडपड होऊ लागली, तर वाचा-उपचार तज्ज्ञांकडे लवकर जावे. मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आपल्या राज्यातच आहे. घरात 'हळू बोल' असा हुकूम सोडण्याऐवजी आपणच सावकाश बोलावे, त्याच्या तोंडाकडे न पाहता डोळ्यांकडे पाहावे. मोठ्यांना सैल श्वासाने हळुवार सुरुवात करण्याचा सराव उपयोगी पडतो, आणि 'मी अडखळतो, जरा थांबा' असे आधीच सांगून टाकण्याचाही. लपवण्याचे ओझे उतरले की अर्धी लढाई हलकी होते. मोठेपणी ते पूर्ण जाईलच असे नाही, पण त्यावाचून माणसाचे बोलणे थांबत नाही.

त्या मुलीला मी पहिल्याच दिवशी विचारले, "हजेरीला काय करूया?" ती म्हणाली, "मीच म्हणेन." काही दिवस 'हजर' लगेच येते, काही दिवस वेळ लागतो. तेवढा वेळ वर्ग थांबतो, आणि वर्गशिक्षक पुढचे नाव घेत नाहीत.