कर्ता आणि साक्षी

माणूस ओळखायचा तो त्याच्या कृत्यावरून की हेतूवरून, हा पेच धर्मचिंतनात जुना आहे आणि न्यायालयात रोजचा. गीतेचा तिसरा अध्याय सांगतो की कर्मे प्रकृतीच्या गुणांकडून घडतात. ‘मीच कर्ता’ असे मानतो तो अहंकाराने भुललेला. हे खरे मानले, तर खुन्याला जाब कोणत्या तोंडाने विचारायचा? आणि खोटे मानले, तर ज्या घराने, खात्याने आणि राजकारणाने त्याला घडवले, त्यांना मोकळे सोडायचे का? गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ (१९८३) हा पेच सोडवत नाही. पण कॅमेरा आणि ध्वनी यांच्या आधारे तो अशा रीतीने मांडतो, की पाहणाऱ्याला त्यातून अंग काढून घेता येत नाही.

या मांडणीचे बळ अंतरात आहे. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात नाटक पाहणारा प्रेक्षक पडदा पडेपर्यंत रंगमंचापासून तितक्याच अंतरावर असतो आणि नटाला आपला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावाच लागतो. चित्रपटात मात्र पात्राच्या किती जवळ जायचे आणि त्याचा श्वास ऐकायचा की नाही, हे आपल्यासाठी दुसराच कोणी ठरवतो. निहलानी मुळात छायालेखक. श्याम बेनेगलांचा ‘अंकुर’ (१९७४) त्यांनीच चित्रित केला होता आणि ‘अर्धसत्य’चे दिग्दर्शन करतानाही कॅमेरा त्यांनी स्वतःकडेच ठेवला. त्यामुळे इथे कॅमेऱ्याची जागा हा नुसता तांत्रिक तपशील उरत नाही. पात्राविषयी घेतलेली ती नैतिक भूमिका ठरते.

यावर पहिला आक्षेप असा, की व्यक्तिरेखा लेखक आणि नट घडवतात, कॅमेरा फक्त टिपतो. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, पोलीस अधिकारी अनंत वेलणकर झालेला नट ओम पुरी. मग छायालेखकाला श्रेय कशाचे? कविता वाचण्याचा प्रसंग पाहावा. मैत्रीण ज्योत्स्नाने दिलेल्या पुस्तकातली दिलीप चित्र्यांची कविता वेलणकर हॉटेलात बसून मोठ्याने वाचतो. सुरुवातीचा सूर सहज असतो, पुढे तो जड होत जातो. पुस्तकात शब्द होते तेच आहेत. पण कॅमेरा वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर थांबून राहतो आणि शब्द आपण त्याच्याच आवाजात ऐकतो, म्हणून आपल्याविषयीचे निदान वाचता वाचता याला कळते आहे, हे आपल्या ध्यानात येते. याच्या उलट रीत निहलानींनी ‘आक्रोश’मध्ये (१९८०) वापरली होती. तिथे बायकोच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या भिकू जवळजवळ चित्रपटभर गप्प राहतो आणि वकिलाप्रमाणे आपणही त्या मौनाचा अर्थ लावत बसतो. एकाचे अंतरंग आवाजातून उघडते, दुसऱ्याचे मौनाआड राहते. पण ऐकणाऱ्यावर जबाबदारी दोन्हीकडे येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इतक्या जवळून पाहिले की सहानुभूती आपोआप उपजते, आणि सहानुभूती न्यायबुद्धीला भुरळ घालते. बायकोला मारणारा बाप, वरिष्ठांचे लोटांगण, गुंड रामा शेट्टीच्या एका फोनपुढे खाकी वर्दीची झालेली मानहानी हे सगळे दाखवून झाल्यावर वेलणकरला दोष देणे जड जाते. हा धोका खरा आहे. त्याला चित्रपटाचे उत्तर प्रसंगांच्या क्रमात आहे. क्षुल्लक रेडिओ चोरल्याच्या आरोपावरून पकडलेला एक गरीब माणूस दारूच्या नशेतल्या वेलणकरच्या मारहाणीत कोठडीत मरतो. शेट्टीचा गळा त्यानंतर आवळला जातो, आणि आवळणारे हात तेच असतात. घडवणारे घर आणि खाते दोन्ही वेळा तेच, संतापही तोच. मग पहिल्या मृत्यूने आपण हादरतो आणि दुसऱ्याने मनातल्या मनात सुखावतो, असे का? गुणांच्या सिद्धान्तावर बोट ठेवून वेलणकरला सोडायचे, तर दोन्ही मृत्यूंबाबत सोडावे लागेल. एकातच सोडले, तर ती सवलत तत्त्वज्ञानाने दिलेली नाही. आपल्या आवडीनिवडीने दिलेली आहे.

सांख्यांचा पुरुष साक्षी असतो आणि म्हणून अलिप्त असतो. चित्रपटगृहातल्या साक्षीला ही सोय नाही. कुठून पाहायचे हे दिग्दर्शकाने ठरवले असले, तरी पाहताना वाटलेले समाधान पाहणाऱ्याचे स्वतःचे असते. वेलणकर शेवटी पोलीस ठाण्यात जातो आणि खुनाची कबुली देतो. आपल्याला परिस्थितीने घडवले हे ठाऊक असूनही तो कर्तेपण अंगावर घेतो. कारणे खरी असतात म्हणून जबाबदारी खोटी ठरत नाही, एवढे तो मान्य करतो. शेट्टी मेल्यावर ज्याला बरे वाटले, त्या प्रेक्षकानेही कोठडीतल्या मृत्यूचा हिशेब स्वतःकडे मागायला हवा.