गुंजभर सोनं आणि मातीचं ढेकूळ



आजचं चिंतन गीतेच्या चौदाव्या अध्यायावर. गुणातीताला माती, दगड आणि सोनं सारखंच, असं भगवंत सांगतात. मग सगळं सारखंच, तर काटेकोर मोजायचं कशाला?

आपली जुनी मापं बियांची. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे साधारण 11.66 ग्रॅम. हिऱ्यांचा कॅरेटही भूमध्य समुद्राकाठच्या एका झाडाच्या बियांवरून आलाय. 1907 मध्ये तो 200 मिलिग्रॅम ठरला. बी लहानमोठं असणारच, आणि फसवणाऱ्याला तेवढं पुरतं! सोन्याचा कॅरेट मात्र वजन सांगतच नाही. 24 भागांत शुद्ध सोनं किती, एवढंच. 22 कॅरेट म्हणजे हजारात 916 भाग, मग नथ असो की पाटल्या.

आता तुकोबांकडे बघा. वाण्याचं घर, तराजू रोजच्या हातातला. आपल्या मावळातल्या भंडारा डोंगरावर ते चिंतनाला बसत. शिवाजी महाराजांचा नजराणा त्यांनी परत पाठवला, हे सगळ्यांना माहीत असतं. कर्जखतांची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. परंपरा सांगते, ती इंद्रायणीत बुडवण्याआधी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्यांनी वेगळा काढून दिला. बुडवला तो फक्त स्वतःचा.

म्हणजे सोनं-माती एक, हे आपल्या हव्यासाला सांगायचं. आईचे दागिने वाटताना "शेवटी सगळी मातीच गं" असं बहिणीला ऐकवणारे भाऊ असतात. त्यांनी आधी तिच्या पाटल्या काट्यावर ठेवाव्यात.